पानावरचं पांढरं

बरोब्बर सव्वाअकरा वाजता हे सगळं सुरू झालं! विचाराल, तुझ्या घरात घड्याळ कुठे? अहो, मिठागराची अकराची घंटा होऊन माझी शेवटची भाकरी तव्यावरून उतरली, म्हणजे सव्वाअकराच की... सातवी पास आहे मी, एवढं कळतं मला!

तर तुम्हाला सांगते, डोक्यावर भाकऱ्या आणि मागे माझी चार वर्षांची राही, अशी बांधावरून आगराकडे निघाले, आणि मागची बडबड एकाएकी थांबली. वळून बघते तर बया खाडीकडच्या झाडाची पानं चाटतेय... तोंडाला पांढरं, गालाला पांढरं आणि डोळे लालभडक!

"आये, डोळं चुरचुरतात गं!"

आता त्या बांधावर चिकाचं एक झाड आहे, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला की माणूस आंधळं होतं, हे लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या सासूबाई, ठमाबाई, मला ऐकवतायत. मग मी थांबते कशाला? भाकऱ्या चिखलात, तिथल्या निवट्या मासोळ्या टुणटुण उड्या मारत पळाल्या, पोर काखेत, आणि अशी बोंब ठोकली, "आंधळी झाली गं माझी राही!"

आगरातले सगळ्यांत जुने आमचे चुलतसासरे धर्माजीकाका फावडं टाकून धावले. पोरीकडे बघायचं सोडून त्यांनी ते पान तोडलं आणि सरळ चाटलं!

"काका, आता तुम्हीपण?"

"अगं सूनबाई, मीठ हाय ह्ये! तिवर हाय ही. चिकाचं झाड तिकडं लांब."

"मीठ? पानावर?"

"मग? दोन टायमाला भरतीत उभं ऱ्हातंय, खारं पाणी पितंय, जास्तीचं मीठ पानातून थुकतंय. आन् चिखलातून वर आलेली ही मुळं बघ... नाकं हायत त्याची, दम घ्यायची!"

अहो, उधाणाचं पाणी एकदाच परसात शिरलं तर माझा दुधीचा वेल दोन दिवसांत वाळला, आणि हे झाड बघा! काकांनी मडक्यातलं गोडं पाणी राहीच्या डोळ्यांवर मारलं. खारट हातांनीच चोळले होते तिने. दोनदा डोळे मिचकावले, आणि म्हणते कशी, "आजाच्या मिशीत शीत हाय!"

दिसतंय! माझ्या पोरीला मिशीतलं शीतसुद्धा दिसतंय! मी तिथेच बांधावर बसले... हसले की रडले, देव जाणे. तीन पिढ्या मिठात राबलेलं घर, आणि मला मीठ ओळखता येईना... सातवी पास!

घरी सासूबाईंनी दृष्ट काढायला मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, तर पहिला फेरा व्हायच्या आत राहीने त्यांची मूठच चाटली!

आता एवढं करा. माझी बोंब पार उरणपर्यंत गेलीय, कालपासून बायका डोळे पुसत येतायत, चहा करून करून माझे हात गळाले. जाल तिथे सांगा, ठमाबाईच्या नातीला सगळं दिसतं... आंधळी निघाली ती तिची आई. हो, सातवी पास!