शेवटच्या ट्रामला दही-साखर

हसू नका, पण आमच्या आत्याने चालती ट्राम थांबवलीये. तीही कायमची बंद होण्याआधीच्या शेवटच्या फेरीत!

आत्या हॉस्पिटलात सिस्टर होती, तीस वर्षं त्याच ट्रामने ड्यूटीला गेली. इंग्लंडातल्या तिच्या गावच्या कौन्सिलने लाइन बंद करायचं ठरवल्यावर तिने मला साउथहॅम्प्टनहून बोलावून घेतलं, "निरोप द्यायला चल." ट्राममध्ये गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या मेयरबाई, फोटोग्राफर, आणि आत्याच्या हातात दही-साखरेचा डबा.

ट्राम सुटली आणि आत्या ओरडली, "अगंबाई, दही द्यायचं राहिलंच!" ती थेट ड्रायव्हरपाशी. "हात कर पुढे."

तो तिला वर्षानुवर्षं ओळखणारा. त्याने मुकाट्याने डावा हात पुढे केला.

"डाव्या हातावर देतात का कधी? उजवा कर!"

आता उजव्या हातात होतं हँडल, आणि ते सोडलं की ट्रामला आपोआप ब्रेक लागतो. बिचाऱ्याने सोडलं. असा धक्का बसला की अर्धं दही मेयरबाईंच्या साखळीवर!

मी कुजबुजलो, "आत्या, खाली बस."

"सगळ्यांनीच बसा," ती म्हणाली. "निघताना ठेच लागली की पाच मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मगच निघायचं."

मेयरबाईसुद्धा बसल्या.

तेवढ्यात रेडिओवर डेपोतून विचारणा झाली, "का थांबलात? आम्हाला लाइनची वीज तोडायचीय."

ड्रायव्हर तळहात चाटत म्हणाला, "इतक्यात तोडू नका. सिस्टर आम्हाला जाऊ देत नाहीयेत."