खिम्यातले पाणी

खरे सांगतो, तहान हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो, ते मला सर्जेरावाच्या स्वयंपाकघरात कळले. शिवाजी पेठेतला हा माझा वर्गमित्र; मी पुढे शाळामास्तर झालो, म्हणून त्याच्या घरी मी गुरुजी. मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून डायलिसिसवर आहे. दिवसाला एक बाटली पाणी, त्याहून घोटभरही अधिक नाही.

परवा त्याने बर्गरचा हट्ट धरला. वहिनींनी मटणाचा खिमा मळायला घेतला आणि तो रसरशीत राहावा म्हणून त्याच्याच बाटलीतले अर्धी वाटी पाणी मोजून घेतले.

"अगं, ते माझं पाणी हाय."

"तुमच्याच पोटात जाणार हाय की. का कोरडा करू?"

"आन् सांजच्याला काय पिऊ?"

"सांजच्याला मागायचं न्हाई. गुरुजी, तुमी साक्षीला हाईसा."

त्याने बाटली उचलून उरलेले पाणी पाहिले. मग म्हणाला, "घाल."

बर्गर हाती आला. पहिल्याच घासाला रस मनगटावरून कोपराकडे ओघळला. त्याने बर्गर ताटात ठेवला आणि आधी तो ओघळ जिभेने टिपला.

काहीतरी बोलायला हवे, म्हणून मी विचारले, "चव कशी आहे रे?"

"चवीचं काय घेऊन बसलाईस, गुरुजी," तो म्हणाला. "वलं हाय."