आईने वाटलेले पल्सारचे पेढे

आईच्या पेढ्यांचा विषय काढलात म्हणून सांगते. पीएचडीला मी एक पल्सार घेतलेला, म्हणजे गरगर फिरणारा मेलेला तारा. उपग्रहावरची दुर्बीण त्याचे एक्स-रे टिपते. एकदा तो दर दीड तासाने गायब होताना दिसला. नवीन शोध लागला म्हणून मी आईला फोन केला, तर तिने बाळकुमच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले!

दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, दीड तासाची फेरी आमच्याच उपग्रहाची होती. मध्ये पृथ्वी आली, की तारा दिसायचा नाही.

मी रडकुंडीला आले. "आई, आता लोकांना काय सांगायचं?"

"चूक पकडली कुणी?"

"मीच."

"मग पेढे त्याचे होते, सांग."

खरं सांगू? त्या वाक्यावर माझी पीएचडी पुरी झाली.