गुरुबळ आणि चार दिवसांचं वर्ष

हसणार नसाल तर सांगतो. पंचवटीत मुलगी बघायला गेलो होतो. मुलगी मला आवडली, पण त्यांचे गुरुजी पत्रिका बघून म्हणाले, "मुलीला यंदा गुरुबळ नाही. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी म्हणजे नकार, एवढं नववीत शाळा सोडलेल्यालाही कळतं.

घाबरलो की मी मोबाइलवर शिकलेलं बोलून टाकतो. म्हणालो, "गुरुजी, दुसऱ्या ताऱ्यांजवळही गुरूएवढे ग्रह आहेत, भट्टीसारखे तापलेले. असा ग्रह ताऱ्यासमोरून गेला, की त्याच्या हवेतून आलेल्या उजेडावरून तिथली वाफ ओळखता येते. एकाचं वर्ष तर चारच दिवसांचं आहे!"

मुलीचे मामा म्हणाले, "वा, पाहुणे! एवढ्या लांबची वाफ ओळखता, मग दहावी कुठं अडली?"

सगळे मनमोकळे हसले. माझ्या शिक्षणाचा इतका आनंद आमच्या घरीही कधी कुणाला झाला नव्हता.

मी उठणार, तेवढ्यात पोह्यांच्या बशा उचलत मुलगी म्हणाली, "गुरुजी, आज बुधवार. त्या गुरूचं पुढचं वर्ष रविवारी लागेल. तोवर थांबते मी."