बुडबुड्यांचं कडं

माझं माहेर खटावकडचं, लग्न होऊन आंबिवलीला आले, आमच्या मालकांची कंपनी बंद पडली तशी कल्याणला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नळ्या धुवायला लागले. काचेच्या नळ्या. सातवी शिकलेली मी, पण काच मला कळते, काय सांगू तुला, उजेडात धरली की कळते.

तिथे नाडकर्णी बाई टेक्निशियन. पोटातल्या बाळाभोवतीचं पाणी सुईने काढून यायचं, बाई त्यात स्पिरिट घालून नळी जोरात हलवायच्या आणि पंधरा मिनिटं ठेवायच्या. वर बुडबुड्यांचं कडं टिकलं तर बाळाचं फुप्फुस तयार, काहीतरी तेलकट उतरतं म्हणे त्या पाण्यात, त्यानेच फुप्फुस उघडं राहतं. मी म्हणायचे, बाई, हे भात शिजला का बघण्यासारखंच आहे, तर बाई म्हणायच्या, सुनंदा, भात कच्चा राहिला तर परत गॅसवर ठेवता येतो.

त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. साबण लावलेल्या नळ्या चार पाण्यांतून काढायच्या, मी एकाच पाण्यातून काढल्या. एकाच. टिटवाळ्याची एक गरोदर बाई होती, आठवा महिना, प्रेशर वाढलेलं, बाळ आत ठेवायचं की काढायचं तेवढंच ठरायचं होतं. कडं आलं, चांगलं जाड. बाईंनी फोन केला, तयार आहे. डॉक्टर म्हणाले, चारला सिझर.

मग नळाला पाणी आलं. उरलेल्या नळ्या परत धुवायला घेतल्या, एकीत पाणी घालून हलवली तर नुसत्या पाण्याला फेस. दुसरी हलवली, तिलाही. नोकरी जाते असं वाटलं, खोटं कशाला बोलू, आधी तेच वाटलं. मग जाऊन सांगितलं, बाई, कडं माझ्या साबणाचं असेल.

बाईंनी आधी फोन करून सिझर थांबवायला लावलं, मग कोरी नळी घेतली, बाळाचं उरलेलं पाणी आणि स्पिरिट घातलं, हलवलं. पंधरा मिनिटं आम्ही दोघी बघत उभ्या. वर काही नाही. सपाट. खाली त्या टिटवाळ्याच्या बाईला टेबलावर घेतलेलं होतं गं, तिथून परत वॉर्डात आणली.

तिला बाळाच्या फुप्फुसासाठी इंजेक्शनं दिली, नऊ दिवस निजवून ठेवली, मग बाळ काढलं. रडलं ते मी जिन्यात ऐकलं. बाई एवढंच म्हणाल्या, आजपासून प्रत्येक नळी पाणी घालून हलवायची आणि मला दाखवायची.

आता ती टेस्ट कोणी करत नाही, तुम्ही लॅबमधल्या पोरी नळ्या वापरून फेकता. बरं आहे. मी घरी नातीचा दुधाचा पेला आधी पाणी घालून हलवते, सून हसते. हसू दे, लेकरं धडधाकट राहोत. अजून एकदाही फेस आलेला नाही. तरी हलवते.