सोयाबीनमधला धुरा

माहेर माह्यं हिंगणघाटचं, बाप जिनिंगात कामाले, आमच्या घरी वावर नव्हतंच, त्याच्यानं लगन होऊन देवळीकडल्या या गावात आली तवा धुरा म्हन्जे काय हेबी मले मालूम नव्हतं. मालकानं दाखवला. हे आपलं वावर, तिकडलं दादाचं, अन् मंधात हा धुरा, याच्यावर दोघायचा पाय पडते पन वखर कोनाचाच नाई. सरळ नव्हता तो. मंधात मोठं हिवराचं झाड होतं, ते वाचवाले सासऱ्यानं धुरा झाडाच्या अंगानं फिरवला होता, चांगला वाक होता त्याले. त्याच हिवराखाली आमी शिदोरी खात होतो.

मालक लय सादा मानूस, भांडन दिसलं का घरात येऊन बसे. तापानं गेला, पोरगा माहा तवा कडेवर होता. अन् काय सांगू तुमाले, तेरवीचं जेवन जिरलं नाई तं भासऱ्यानं, म्हन्जे मालकाच्या मोठ्या भावानं, हिवर तोडला, गोटे फेकले, ट्रॅक्टर लावला अन् धुरा नांगरून टाकला, अन् नवा धुरा घातला पार माह्या वावरात, दोरी लावल्यावानी सरळ. नाल्याकडली माही सारी चांगली जमीन त्याच्याकडे गेली, जिथी पऱ्हाटी, म्हन्जे कपाशी, कमरेच्या वर जाय. मी म्हनलं भाऊजी, हे काय करून राह्यले तुमी. आमच्याकडे भासरा भावाच्या बायकोशी तोंडानं बोलत नाई, तशी रीत हाय, अन् त्या रीतीचा त्यानं बराबर फायदा घेतला, भिंतीकडे तोंड केलं अन् म्हने, सांगा कोनी तिले, धुरा पयलेपासून इथीच होता.

पंच बसवले. पंच म्हने बाई, जुन्या धुऱ्याची निशानी दाखव, झाड नाई, गोटा नाई, आमी काय पाहून सांगाव. मोजनी बलावली तं त्यानं आपले मानसं उभे करून इतका कालवा केला का मोजनीवाले वापस गेले. तवा तो हासला. जमीन गेली ते एक, पन तो हासला ते मी इसरली नाई, आजबी नाई, अन् तुमी लिहून घ्या, इसरनारबी नाई.

आता ड्रोनचं सांगते. माहा भाऊ हिंगणघाटले लग्नाची शूटिंग करते, अन् पावसाळ्यात लगनं नाई तं त्याचा ड्रोन पेटीत पडून राहे. मी म्हनलं मले शिकव. तो म्हने पाडशीन. पाडलाबी एकदा, बोरीच्या झाडात, काटे टोचून घेत काढला. मंग जमलं. मोबाईलवर ॲप हाय, त्याच्यात वावराभोवती बोटानं रेघ मारायची, का तो आपल्या मनानं उडते, वखराचे तास काढाव तसा इकडून तिकडे, तिकडून इकडे, फोटो घेत घेत, अन् दुसरं ॲप ते फोटो जोडून साऱ्या वावराचा एक नकाशा करते. कोनाले ठिबक टाकाचं रायते, कोनाले पानी कुठी साचते ते पाह्याचं, कोनाले भावाभावात वाटे कराचे. पार जाम गावापासून बलावनं येते मले. ड्रोनवाली बाई म्हनते.

अन् पाहा कसं होते, भासऱ्यानंच बलावलं. त्याचे दोन पोट्टे वेगये निंगून राह्यले होते, वाटनीच्या आधी नकाशा पाह्यजे होता. घरचीच हाय, फुकटात करन, असं वाटलं असन त्याले. मी गेली. काऊन नाई जाव? म्हनलं वरतून तं पाहू माही जमीन. सोयाबीन गुडघ्याएवढं होतं. उडवला, घरी आली, फोटो जोडाले लावले, अन् नकाशा समोर आला तं मी बोटानं मोठा करून पाह्यला. त्याच्या सोयाबीनमंधून गच्च हिरवा पट्टा गेलता, अन् मंधात त्याले वाक. हिवराचा वाक. इतके वर्स त्या धुऱ्यावर पाला पडला, गवत सडलं, ढोरं बसले, तिथलं सोयाबीन बाकीच्याहून जोरदार, पन खाली उभं राहून कोनाले दिसन, हिरव्यात हिरवं. झाड तोडलं बाप्पा त्यानं, जमिनीतलं खत कसं काढन?

मले रडू नाई आलं. आनंद झाला, असा आनंद का रातभर झोप नाई.

हा फोटो कोर्टात चालत नाई, मालूम हाय मले. गावात चालते. भासरा स्वताले पुढारी समजते, वाढदिवसाले चौकात त्याचा फ्लेक्स लागते. औंदाबी लागला. मी देवळीहून दुसरा छापून आनला, त्याच्याच बाजूच्या बांबूले बांधला. वरतं लिहलं, भाऊजींना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खालतं शुभेच्छुक म्हनून माह्यं नाव, अन् मंधात मानसाचा फोटो नाई, वावराचा.

चहाच्या टपरीवर लोक थांबले. एक बुढा जवय गेला, बोट ठेवलं, म्हने हा तं हिवराचा वाक. मंग सारेच म्हनाले लागले. पंचबी आले, माना खाली घालून गेले. पन खरा घाव पोट्ट्यायनं घातला. मोठा म्हने बाबा, ही नाल्याकडली बाजू मले नोको, लहाना म्हने मलेबी नोको, काकूची जमीन हाय, उद्या आमच्या लेकराले लोक चोर म्हनतीन.

दुपार कलल्यावर, तिसऱ्या पारी, भासरा माह्या दारात. भिंत नाई पाह्यली त्यानं, माह्याकडेच पाहून बोलला, सुनंदा, तो फ्लेक्स काढ. मी म्हनलं काढते, पयले धुरा जुन्या जागी टाका, तुमच्या हातानं. मजूर नाई लावू देल्ला मी. त्यानं खुट्या ठोकल्या, गोटे उचलले, अन् मी मोबाईलवर पाहून सांगे, भाऊजी, जरा तिकडे, अजून जरा. एक गोटा बराबर पडला होता तरी मी हालवाले लावला. मजा आली, कायले खोटं सांगू.

लोक म्हनते सुनंदा, जमीन भेटली ना, आता माफ कर. नाई करत. औंदा तिथी पऱ्हाटी लावली, नाल्याकडे कमरेच्या वर गेली हाय. रोज सकायी दिवा लावते तवा पोरासाठी मागते अन् भासऱ्यासाठीबी मागते, देवा, त्याले लंबी उमर दे, पाय मजबूत ठेव, डोये शाबूत ठेव, माही पऱ्हाटी त्याले रोज दिसू दे.