बाबांचा नंबर लागला नाही

हॅलो?… हो बाबा, मीच, बोग्ना. बोला… नाही, तास आत्ताच संपला. विद्यापीठातच आहे, चहा पितेय… ऐकतेय ना.

हो, कळलं मला. प्रसूतिगृहाचं ठरवायला नगरपालिका गावातल्या चाळीस जणांची सभा बोलावतेय, तिच्यात तुमचा नंबर लागला नाही… नाही बाबा, मी नाही वगळलं तुम्हाला. निवडीचं गणित मी मांडते, पण मला नावं दिसतच नाहीत. नगरपालिका नुसते क्रमांक पाठवते. पुढं लिहिलेलं असतं, बाई की पुरुष, वय किती, वस्ती कुठली. बस… अहो, पोरगी क्राकूवला गणित शिकवते म्हणून बापाची वर्णी लागायची असेल, तर हा खटाटोप कशाला करायचा?

कुणाचा लागला?… शेजारच्या विएस्वावाबाईंचा?… असू दे की… काय म्हणाल्या? दुपारचं जेवण मिळतं म्हणून अर्ज भरला?… मग जेवू दे. जेवता जेवता ऐकतील. गावातलं प्रसूतिगृह बंद करायचं की चालू ठेवायचं, हा त्यांच्याही गावाचा प्रश्न आहे.

हो, हो… बाबा, ऐका ना. ते चालू राहावं म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं दारोदार सह्या गोळा केल्यात, ठाऊक आहे मला. पण तीच तर अडचण. अर्ज कुणी केले? निम्म्याहून जास्त तुमच्यासारखे निवृत्त पुरुष. पंचविशीच्या मुली हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. सरळ चिठ्ठ्या टाकल्या असत्या ना, तर बाळंतपणाचा निर्णय चाळीस आजोबांनी घेतला असता… हसताय काय, खरंच.

कसं म्हणजे… असं बघा. चाळीस जणांचा गट गावासारखा दिसला पाहिजे. निम्म्या बायका, थोडे तरुण, थोडे म्हातारे, नदीच्या दोन्ही तीरांवरचे. असे गट लाखो बनतात. त्यांतून निवड अशी आखायची, की ज्याला निवडलं जायची सगळ्यात कमी संधी, त्याची संधी आधी वर न्यायची. जाईल तितकी. ती आणखी हलेना, की त्याच्या वरच्याची. मग त्याच्या वरच्याची… आई सूप वाढायची ना आम्हाला, ज्याच्या ताटलीत कमी त्याच्याकडे पळी आधी? तेच. फक्त मला त्यासाठी संगणक लागतो.

तुमची?… दहात एक होती… कमी आहे, मान्य. पण ती याहून वर नेली की दुसऱ्या कुणाची तरी तुमच्याहूनही खाली घसरते. हे मी सिद्ध करून देते, कुणालाही दाखवा… आणि शेवटी त्यांतला एक गट ठरवायला क्रमांकाचे चेंडू महापौरांनीच काढले की, सगळ्यांदेखत. पहिल्या रांगेत होतात तुम्ही.

कुठली जागा?… हो, निवडलेल्यांपैकी एक बाई नॉर्वेला मुलीकडे चालल्या, म्हणून एक रिकामी झाली खरी… नाही बाबा. त्या जागी तुम्ही बसत नाही… कारण तिथं बाईच हवी. साठीच्या पुढची, आपल्यासारखी नदीपलीकडची… झाली की निवड, सकाळीच. आज फोन करतील तिला… कोण ते मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं.

मागे कसला आवाज येतोय?… आईचा मोबाइल? घेऊ दे तिला… हं, काय म्हणत होते मी…

काय?… नगरपालिकेतून?… आईला?… "येते" म्हणाली?

बाबा, हळू बोला. मला नव्हतं माहीत… अहो, तिनं अर्ज केलाय हे तुम्हाला एका घरात राहून कळलं नाही, मला इथं बसून कुठून कळणार?… द्या तिच्याकडे फोन.

आई?… अगं, कधी भरलास अर्ज?… एकटीच गेलीस पोस्टात?… आणि बाबांना का नाही… हं. ते सह्या गोळा करत होते म्हणून.

बोल ना. ऐकतेय.

इग्नाशसाठी?… आपला इग्नाश? माझ्या आधीचा?… दर एक नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपण त्याच्या कबरीवर दिवा लावतो, मला वाटायचं तो जन्मतःच आजारी होता… नव्हता?… आपल्याच प्रसूतिगृहात?… डॉक्टर दुसऱ्या गावाहून यायचे होते… आणि सुईण एकटीच… हं… हं… किती वेळ?

चहा बाजूला ठेवला, आई. तू बोल.

म्हणजे तुला वाटतं, बंद झालेलंच बरं?… अजून ठरवलं नाहीस. आधी तिथल्या डॉक्टरांना विचारणार, असं बाळंतपण आलं तर तिथं आज कोण असतं… बरोबर आहे. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला सगळ्यांना… पण इतकी वर्षं तू कधी काही बोलली नाहीस… हं. कुणी विचारलंच नाही.

नाही गं, मी नाही घातलं तुला त्या गटात. मी काहीच केलं नाही. तुझा नंबर लागला, आई. तुझ्या हक्काचा आहे.

बाबा कुठं आहेत?… तिथंच? त्यांनी ऐकलं?… सगळं?… दे त्यांच्याकडे.

बाबा?… बोला.

हं… तुम्ही त्या दिवशी खाणीत होतात, पाळीवर. तुम्ही पोचलात तेव्हा सगळं होऊन गेलेलं… तिनं तुम्हालाही एवढंच सांगितलं होतं, आजारी होता म्हणून… हो… तुम्हाला तरी कसं कळणार.

सभा शनिवारी, नऊला. गाडीनं सोडा तिला, दारापर्यंत. आत जाऊ नका. आणि वाटेत काय बोलायचं ते पढवू नका… नाही पढवणार? मग?… त्या दिवसाचं विचारायचंय?

तर विचारा ना. मला नाही, तिला… सह्यांचं राहू दे आता, बाबा. खुर्ची ओढा आणि बसा तिच्यासमोर… नाही, नंतर मला फोन करून काही सांगायची गरज नाही. ते तुमच्या दोघांचं आहे… हो. ठेवते मी.